क्लचखालचं गोठ्यातलं रबर

नव्याकोऱ्या गाडीत क्लचखाली गोठ्यातलं रबर घालणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या गळ्यात पडला. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर महिनाभर मी माझ्याच डाव्या पायाला शिव्या घालत बसले नसते.

आम्ही रहिमतपूरच्या जवळ राहतो. मी सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा मिलिटरीत ड्रायव्हर होता. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून, पण आमच्याकडं मिलिटरीतनं परत आलेल्या कुणालाही गाव मेजरच म्हणतं, म्हणून तेही मेजर. आता ऊस आणि गाई बघतात. माझी आई सांगलीला एकटी असते. भाऊ बेंगळुरूला, तो मोबाईलवर तोंड दाखवतो आणि काळजी घे म्हणतो. मागच्या वर्षी आई न्हाणीत घसरली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि दर आठवड्याला तिला दवाखान्यात व्यायामाला न्यायचं माझ्यावर आलं. एसटीनं जायचं म्हणजे कराडला उतरा, पुढची गाडी मिळेपर्यंत ताटकळा, निम्मा दिवस रस्त्यावरच. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी गाडी शिकले, लायसन काढलं आणि माझ्या पगारावर छोटी गाडी घेतली. आईला न्यायला कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, एवढंच मला पाहिजे होतं.

पहिल्या खेपेला आई माझ्या शेजारी बसली. व्यायाम उरकल्यावर म्हणाली, घरी कशाला जातीस, मिरजेपर्यंत चक्कर मार. येताना तिनं गाडी थांबवून भेळ खाल्ली आणि शेजारणींना दिसावं म्हणून घरापुढं हॉर्न वाजवायला लावला. मी इतकी खूश होते की भाड्याच्या गाडीवाल्यांचे नंबर मोबाईलमधनं काढून टाकले.

आता मेजर. यांना स्वच्छतेचं भारी वेड. मिलिटरीत गाडी आरशासारखी लागायची हे मी लग्न झाल्यापासनं ऐकतेय. आमच्या रानातली काळी माती चपलेला चिकटते आणि ती गाडीत सांडते, हे त्यांना बघवेना. त्याच सुमारास त्यांनी गाईंच्या पायाखाली घालायला नवीन रबराच्या जाड चटया आणल्या होत्या. जुन्यातली एक बरी होती. मी ड्युटीवर असताना त्यांनी ती धुतली, तिचा तुकडा कापला, ड्रायव्हरच्या पायाखाली सोल्युशन लावून चिकटवला, आणि वर दुकानातनं फुगीर, चकचकीत, शिवणीचं मॅटिंग आणून बसवलं. मला फक्त वरचं दाखवलं. मी बाई भाबडी, छान आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासनं गाडीनं माझ्याशी वैर धरलं. पहिला गिअर टाकला की कर्र. रिव्हर्स टाकला की दात खाल्ल्यासारखा आवाज, शेजारचे बाहेर येऊन बघायचे. क्लच पार दाबून धरला तरी गाडी हळूहळू पुढं सरकायची. मेजर ओट्यावरनं सांगायचे, पाय पुरता दाब. मी पुरता दाबत होते. मग सीट पुढं घे म्हणाले. सीट इतकी पुढं घेतली की स्टिअरिंग पोटाला लागायला लागलं. त्यात उन्हात गाडी तापली की आतनं एक घाण वास सुटायचा, जळक्या टायरचा आणि शेणामुताचा. मला वाटायचं माझ्याच चपलेचा असेल.

गाडी सर्व्हिसिंगला नेली. तिथल्या माणसानं गाडी माझी, तक्रार माझी, पण विचारलं मेजरांना. एक चक्कर मारून आला आणि त्यांनाच म्हणाला, नवीन गाडी आहे, होईल मोकळी, मॅडमना जरा सवय नाही. मेजरांनी मान डोलावली. यांनी तोवर गाडी फक्त धुतली होती, एकदाही चालवली नव्हती, पण मान मात्र डोलावली. मला त्या दोघांची किळस आली, खरं सांगते. आणि त्याहून वाईट म्हणजे मला ते पटायला लागलं. रात्री अंथरुणात मी पाय ताणून बघायचे, गुडघ्यात काही बिघाड आहे का म्हणून.

मग सांगलीत व्हायचं ते झालं. आईला घेऊन सिग्नलला उभी होते. गिअर टाकून, क्लच दाबून, ब्रेकवरचा पाय जरासा उचलला, तर गाडी सरकली आणि पुढच्या स्कूटरला टेकली. त्या माणसानं पायाशी गुळाची ढेप ठेवली होती, ती रस्त्यावर पडली. माणसाला काही झालं नाही. पण लोक जमले, बायकांनी गाडी घ्यावी कशाला यावर एका रिक्षावाल्यानं भाषण ठोकलं. मी ढेप उचलून दिली, हात जोडले. घरी पोचल्यावर आई पाणी प्यायली आणि म्हणाली, "जावईबापूंनाच आणू दे गं गाडी. माझं एक मोडून झालंय, दुसरं तरी धड राहू दे."

त्या रिक्षावाल्याचं मला काही वाटलं नाही. आईचं बोलणं मात्र जिव्हारी लागलं. गावी आल्यावर मी किल्ली टेबलावर ठेवली. मेजरांनी ती शर्टाच्या खिशात घातली.

पुढच्या आठवड्यात हे चालवायला बसले, मी शेजारी. गावाबाहेर पडेपर्यंतच तीनदा कर्र झालं. मी खिडकीबाहेर बघत होते. कराड सोडलं तसे यांच्या तोंडातनं शब्द सुटायला लागले. पेठ नाक्याला वळताना गिअर पडेचना, मागनं उसाचे ट्रॅक्टर हॉर्न मारायला लागले. यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "कंपनीनं फसवलं आपल्याला. पीसच खराब हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. म्हणाले, "आवं, माझ्या हातात हुती तवा माझा पाय खराब हुता. तुमच्या हातात आली की गाडी खराब?"

मी म्हटलं, दाबा क्लच, मला बघू द्या. चालवणाऱ्याला स्वतःचा पाय दिसत नाही, शेजारच्याला दिसतो. यांनी दाबला. पेडल खाली गेलं आणि त्या फुगीर मॅटिंगवर जाऊन अडकलं. अजून तीन बोटं खाली जायला पाहिजे होतं. मी त्यांना उतरवलं, वाकले आणि मॅटिंग ओढलं. खालनं तो वास आला आणि ते काळं, जाड रबर दिसलं, गाईचं पाऊल घसरू नये म्हणून केलेल्या खाचांसकट. एका खाचेत वाळलेलं शेण अजून होतं.

मला ओकारी आली. रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकले, मग परत येऊन दोन्ही हातांनी ते खरवडून काढलं आणि उसाच्या कडेला भिरकावलं. मेजर म्हणाले, चांगल्यासाठीच घातलं हुतं. मी हात पुढं केला, त्यांनी खिशातनं किल्ली काढून दिली. क्लच आता तळाला गेला, गिअर आवाज न करता पडला. सांगलीपर्यंत मी चालवलं.

आईला मी सगळं सांगितलं. रबर, शेण, अडकणारं पेडल, मेजरांकडनंही झालेलं कर्र. मेजर खाली मान घालून चहा पीत होते. आईनं नीट ऐकून घेतलं, हसलीसुद्धा. म्हणाली, म्हंजे पोरी तुझा काय दोष न्हवता. मला वाटलं, झालं, सुटले एकदाची.

मग वॉकर टेकत ती गाडीपाशी आली. मी तिच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी तिला मागं बसवलं. गाडी अगदी लोण्यासारखी चालली होती, एक धक्का नाही, एक आवाज नाही. आरशात बघितलं तर तिनं दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली होती, आणि दवाखाना येईपर्यंत तिनं ती सोडली नाही.