डाव्या चाकावरची फुली

नारपोलीत दोन दिवस खिडकी पुसली नाही, की कापड विणणाऱ्या लूमचा रुवा बोटभर साचतो. किस्स्यांचंही तसंच. बोलले नाही तर साचतात, आणि मग खोकला काही थांबत नाही. म्हणून आज झटकते. ज्याच्या नाकात जाईल त्याने रुमाल धरावा!

आमच्या शेठची तीन छोटी विमानं होती, एकोणीस-एकोणीस सीटांची. मुंबईहून लहान शहरांना रोज जायची-यायची. त्यांची चाकं दुरुस्तीला टेम्पोने आमच्या शेडमध्ये येत. मी तिथली स्टोअरवाली. शाळा दिघाशीत, चौथीपर्यंत. इंग्रजी शिकले ती मालावरच्या चिठ्ठ्या वाचून. हिरवी म्हणजे चालेल, लाल म्हणजे भंगार.

पहिल्याच दिवशी शेठनी विचारलं, "मावशी, इंग्लिश येतं का?"

म्हटलं, "तुमची चूक दाखवण्यापुरतं येतं!"

*

तपासणीला एक साहेब होते. आम्ही त्यांना सहीसाहेब म्हणायचो, कारण त्यांची मान सहीवरून कधी वर आलीच नाही. एकदा मी माझा जेवणाचा डबा मालाच्या रांगेत ठेवला, वर चिठ्ठी बांधली. संध्याकाळी डबा परत आला. चिठ्ठीवर सही, शिक्का आणि शेरा: ‘तपासले. विमानास बसवण्यास योग्य.’

आत अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी होती!

"साहेब, माझी भाकरी उडवता का?"

मान खालीच ठेवून म्हणाले, "मावशी, जेवण वेळेवर करत जा."

*

चाकाचा बोल्ट किती आवळायचा, हे दाखवणारा एक खास पाना असतो. आमचा पाना काचेच्या कपाटात, कुलपात असायचा. बोल्ट आवळायचा धर्मा भोईर, खारबावचा, आमचा मेकॅनिक. साधा पाना आणि स्वतःचा हात.

"धर्मा, पुरेसं आवळलं हे कळतं कसं रे?"

"दंडाला कळतं, मावशी."

"आणि दंड दुखत असला तर?"

"मंग वाईच सैल ऱ्हातं."

वर्षाने सरकारी तपासणी आली. कपाट उघडलं, पाना पाहिला, लिहिलं: ‘पाना उत्तम स्थितीत.’ असणारच! हातच कुणी लावला नव्हता.

*

चाकाला लाल औषध लावून पुसायचं, वर पांढरी पावडर मारायची. तडा असला की केसाएवढी लाल रेघ उमटते. माझी नजर साठीतही घारीची. रेघ दिसली की लाल चिठ्ठी, आणि लगेच हातोडी! भंगार फोडायचंच असतं, नाहीतर ते रंग लावून परत येतं. पुस्तकात तसंच लिहिलंय, मी वाचलंय.

एक दिवस हातोडी शेठच्या ड्रॉवरमध्ये गेली. "लेडीज स्टाफने जड काम करायचं नाही. सेफ्टी!"

त्या शेडमध्ये सेफ्टी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मग मी तडा गेलेल्या चाकाच्या आतल्या कडेला खिळ्याने फुली मारू लागले. चोरून नाही, सगळ्यांदेखत. सांगून ठेवलं, "फुली दिसली की समजा, मावशी नाही म्हणाली होती."

*

शेठच्या तीनातलं एक विमान उतरताना धावपट्टीवरून घसरलं. पायलट गेला. पोरगेला होता. पेपरात आलं, पायलटचा अंदाज चुकला. मेलेला माणूस उत्तर कुठून देणार?

तपास मिटला, त्याच्या चाकांचे तुकडे गोणीत भरून शेडमध्ये आले. मी एकेक हातात घेतला. एका तुकड्यावर वर ताजा रंग होता, आतल्या कडेला माझी फुली.

विमानं तपासणाऱ्या मोठ्या सरकारी ऑफिसला पत्र लिहिलं, चार पानी, माझ्या हाताने. दोन महिन्यांनी ते पत्र ‘योग्य कारवाईसाठी’ म्हणून परत आमच्याच शेडमध्ये आलं. सहीसाहेबांच्या टेबलावर!

त्यांनी त्यावरही शेरा मारला: ‘तपासले. योग्य.’

*

नव्या गावाची पहिली फेरी होती. मानाची सीट शेठची. गळ्यात हार, शेडमध्ये पेढे. निघायच्या आधी शेठ एकटेच स्टोअरमध्ये आले.

"मावशी, आजच्या विमानाला... ती तुमची फुली?"

"डाव्या चाकाला. परवा टेम्पोत चढवताना ओरडले होते मी. तुम्ही फोनवर होता."

शेठ पाणी प्यायले. बाहेर जाऊन मोठ्याने म्हणाले, "धर्मा! इतकी वर्षं चाकं बनवतोस, विमानात कधी बसलास? जा, माझ्या सीटवर तू जा!"

"न्हाय शेठ."

"का रे?"

धर्मा खाली बघत म्हणाला, "त्या चाकाला रंग मीच मारलाय."

शेठनी सहीसाहेबांकडे पाहिलं. सहीसाहेबांनी मान आणखी खाली घालून पुढची चिठ्ठी सहीला ओढली.

मग माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्ही जाता?"

"जाते की! आधी माझी हातोडी द्या. सोबत नेते."

शेठ हसले नाहीत. हार काढून टेबलावर ठेवला आणि विमानतळावर फोन लावला.

"मेरी सीट खाली रखो. बाकी अठरा को बिठाओ. टाइम पे निकालो."