शेवूचं पोट दुखत होतं

माझी धाकटी बहीण शेवू गेल्याचा निरोप बसच्या कंडक्टरनं पांढुर्ण्याला माझ्या सासरी आणून दिला. "पोटानं गेली," एवढंच म्हणाला. मी तिच्यासाठी सैल झगा शिवत बसले होते... पंचविशी उलटली तरी तिला साडी सांभाळता येत नसे.

शेवूचं जन्मापासूनचं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिच्या शरीरात एक गुणसूत्र जास्त आहे. बाबा शेजाऱ्यांना सांगत, "एक धागा जास्त पडला पोरीत." आमचं अख्खं रामाकोना गाव तिला भोळी म्हणे. भोळी कसली, चांगली बेरकी होती! संत्री निवडताना गोड फळ वासावरून ओळखायची आणि ते टोपलीत न जाता तिच्या झग्यात जायचं.

या उन्हाळ्यात ती जेवेनाशी झाली. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहू लागली. काय होतं विचारलं, तर हसून "कायी नाई" म्हणायची. कोणी म्हणालं, जामसांवलीच्या हनुमानाला न्या. बाबा चिडले. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाहीत. ते तिला थेट सौंसरला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं तिचा चेहरा पाहिला, बारीक डोळे पाहिले, आणि "ऐसे बच्चों का ऐसा ही रहता है" म्हणून टॉनिक दिलं. पोटाला हात लावला नाही. बाबांनी ते वाक्य घरी आणलं. ताप आला, तिचं तसंच राहते. उलट्या झाल्या, तरी तसंच राहते.

नागपूरला नेलं तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. सर्जन म्हणाले, हे कोणालाही होतं, वेळेवर आणली असती तर ऑपरेशन करून घरी गेली असती. त्या जास्तीच्या धाग्याचा याच्याशी काहीएक संबंध नव्हता. त्या सौंसरच्या डॉक्टरचा मला अजून संताप येतो. बाबांवर रागावता येत नाही, त्याचाही येतो.

तिच्या पुण्यानुमोदनाला माहेरी गेले, तेव्हा तिची बाज ओसरीतच होती. ती कुशीवर पडायची त्या अंगाला दोरीला झोळ पडलेला. कोणी बाज उचलू लागलं की माय हात धरायची. बाबा तिची समजूत काढत होते, पोर भोळी होती, तिला सांगता आलं नाही... माय बराच वेळ त्या झोळावरून हात फिरवत राहिली.

"भोळी तं ते डोक्यानं होती जी," ती म्हणाली. "पोट तं तिचं आपल्यासारखंच होतं."