सत्काराचा कॅमेरा आणि नवरीचा कॅमेरा

लग्नाचं शूटिंग ठरवायला कुणी आलं, की सुभेदार जाधव आधी तारीख विचारत नसत, कार्यालय विचारत नसत. समोरच्याला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि विचारायचे, "सत्कार किती हायेत?"

मुलीचा बाप गडबडायचा. शूटिंगवाल्याला सत्काराशी काय करायचंय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. मग तो बिचारा आठवून आठवून सांगायला लागायचा. सरपंच, कारखान्याचे संचालक, दोन्हीकडचे मामा, बँकेतले साहेब, आणि आलेच तर झेडपीचे कुणीतरी. सुभेदार सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "म्हंजे नवरीकडं बघायला कुणाला सवड न्हाई. बरं, आमी बघतो."

आमच्या सातारा-सांगलीकडचं लग्न ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे लग्न दोन माणसांचं असतं आणि समारंभ पन्नास माणसांचा. माइकवाला एकेकाचं नाव पुकारतो. तो माणूस "राहू द्या, राहू द्या" म्हणत उठतो. मग फेटा, नारळ, शाल. मंगलाष्टका चालू असताना एखादा पुढारी उशिरा उगवला, तर भटजींना थांबवून त्याचं स्वागत होतं. त्या काळात शूटिंगवाला एकटाच असायचा आणि त्याच्याजवळ कॅमेरा एकच. ज्याच्या गळ्यात हार पडेल त्याच्याकडे तो वळायचा, कारण पाहुणा कॅसेटमध्ये दिसला नाही तर वर्षभर रुसवा. नवरी दिसली नाही म्हणून मात्र कुणी रुसल्याचं मी ऐकलेलं नाही.

सुभेदार रुसले होते. त्यांची थोरली मुलगी मंगल सांगलीजवळ माधवनगरला दिली. त्या लग्नाच्या वेळी सुभेदार मिल्ट्रीत होते, कुठेतरी बर्फात. रजा मंजूर झालेली, बॅग भरलेली, आणि रस्ताच बंद झाला. घरी पोचले तेव्हा मांडवाचे बांबूसुद्धा परत गेले होते. भावाने त्यांच्या हातात कॅसेट ठेवली आणि शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर सगळं घर बघायला बसलं. सत्कार, सत्कार, सत्कार. अखेर "शुभमंगल सावधान" ऐकू आलं, अंतरपाट बाजूला होणार, आणि कॅमेरा गर्रकन वळला दाराकडे. कुठलेसे चेअरमन जीपमधून उतरत होते. परत वळला तोवर मंगलच्या गळ्यात हार पडलेला, आणि दिसत होती ती तिची वेणी.

"पोरीचं तोंड बघायला तीन तास बसलो," सुभेदार मला म्हणाले, "आन् चेअरमनची जीप बघून उठलो."

हे त्यांनी मला पुण्याच्या एसटीत सांगितलं. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी साताऱ्यात स्टँडजवळ एक गाळा घेतला होता. त्यावर 'व्हिडिओ शूटिंग' एवढीच पाटी होती, आणि आत अजून काहीच नव्हतं. दोन कॅमेरे आणि ते जोडणारा मिक्सर आणायला आम्ही निघालो होतो. सुभेदार, सत्काराचा कॅमेरा धरणार होता तो दिलीप, आणि मी. त्यांची धाकटी, वनिता, तेव्हा लग्नाची झालीच होती. तिच्या वेळी मुलीचं तोंड हुकता कामा नये, यासाठी हा सगळा खटाटोप होता. उरलेली लग्नं म्हणजे त्या एका लग्नाची रंगीत तालीम.

मी त्यांच्या हाती लागले ती माझ्या तोंडाळपणामुळे. एका फोटो स्टुडिओत मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांचे मुरूम घालवायचं काम करायचे. सुभेदार पासपोर्ट फोटो काढायला आले आणि नेमके दर वेळी डोळे मिटायला लागले. मी वैतागून म्हटलं, "काका, डोळे उघडे ठेवायला जमत नसेल तर उद्या या, झोप काढून." मालक पांढरा पडला. सुभेदार हसले आणि म्हणाले, "मिल्ट्रीत बी मला कुणी असं झापलं न्हाई. व्हिडिओ कॅमेरा उचलशील का गं?" आईने घरी आकांत केला. मुलीच्या जातीने मांडवात खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरायचं म्हणजे काय? सुभेदार स्वतः आले, चहा प्याले आणि आईला म्हणाले, "वहिनी, नवरीच्या खोलीत आमाला बाप्यांना कोण घेणार? शीलाच जाणार. तिची जबाबदारी माझी." आईचा नाइलाज झाला.

त्या पुण्याच्या दुकानातला प्रसंग मी जन्मात विसरणार नाही. टाय लावलेला एक विक्रेता आला आणि त्याने टेबलावर एक धूड ठेवलं. झूम किती, भिंग कुठलं, त्याची गाडी थांबेचना. सुभेदारांनी शांतपणे तो कॅमेरा उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. पिशवीतून पंचा काढला. त्याचं एक टोक दिलीपच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, विक्रेत्याला पंच्याच्या एका बाजूला उभं केलं आणि म्हणाले, "तुमी नवरदेव. हलायचं न्हाई." आणि भर दुकानात त्यांनी खड्या आवाजात मंगलाष्टक सुरू केलं.

अहो, काय तो सूर! रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली. त्यांना एकच मंगलाष्टक पाठ होतं, तेच परत परत. प्रत्येक "सावधान"ला टेप घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाचा हात सवयीने वर जायचा, अक्षता नसल्यामुळे नुसताच. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चौथ्या-पाचव्याला माझा खांदा खाली गेला, तसे सुभेदार थांबले.

"हा न्हाई चालायचा," ते म्हणाले. "दुसरा दाखवा."

"पण सर, यांना एवढा वेळ कुठे धरायचाय?" विक्रेता म्हणाला.

"तुमचं लगीन झालंय?"

"नाही."

"मग तुमाला काय ठावं? आठ भटजीच्या, वर आत्याची एक, मावशीची एक, आन् नवऱ्याच्या मास्तरनं सवता रचलेली. त्यात कुणाला मधीच खोकला आला तर? पोरीचा खांदा पडला तर तुमच्या झूमचं लोणचं घालायचं का?"

दुसरा कॅमेरा हलका होता. पुन्हा पंचा, पुन्हा तोच सूर. मी शेवटपर्यंत उभी राहिले. "हाच," सुभेदार म्हणाले, "दोन द्या." विक्रेत्याने सुचवलं, की बाईंना हा द्या आणि दिलीपला मोठा. सुभेदारांनी दोन्ही कॅमेरे त्याच्यावरच रोखायला लावले आणि शेजारी शेजारी दोन टीव्ही सुरू केले. एकात तो निळसर दिसत होता, दुसऱ्यात लालबुंद. "बघा," ते म्हणाले, "हिकडं तुमी आजारी हाय, तिकडं लाजताय. परेडला एकाचा बूट काळा आन् एकाचा तपकिरी चालंल का?" शेवटी एकाच जातीचे दोन घेतले.

मिक्सरच्या वेळी तर विक्रेता फुलूनच आला. बटण दाबलं की नवरी बदामात, बटण दाबलं की पाकळ्या, बटण दाबलं की पान उलटतं. सुभेदारांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "ह्यातली बदामं काढून टाकली तर काय कमी हुईल का?" त्यांना बघायचं होतं एवढंच, की एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना चित्राला हिसका बसतो का. ते नुसतं बटण दाबत राहिले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहिल्या मिक्सरचं चित्र क्षणभर डळमळायचं. तो बाद झाला. दुसऱ्याचं डळमळलं नाही, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

मग आमची लग्नं सुरू झाली. सुभेदार आतल्या खोलीत मिक्सरपाशी दोन टीव्हींसमोर बसत आणि वायरीच्या हेडफोनवरून आमच्या कानात बोलत. दिलीप एक नंबर, मी दोन नंबर. "एक नंबर, तिकडं फेटा बांधत्यात, जाऊन ये. दोन नंबर, मेख ठोकल्यागत उभं ऱ्हायचं. मंत्री आला तरी मान वळवायची न्हाई." एकदा खरंच एक आमदार आले. सगळा मांडव माझ्यावर ओरडला, "अहो बाई, इकडे घ्या, इकडे!" मी नवरीवरून हलले नाही. कानात सुभेदार पुटपुटले, "शाब्बास गं माझी वाघीण." माझ्या वडिलांनी मला कधी असं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मांडवात माझे डोळे भरून आले आणि मला वाटलं, चित्रच धुरकट झालंय.

पुढे वनिताचं लग्न ठरलं, सांगलीला. स्थळ मंगलनेच आणलं होतं. आम्ही सामान ट्रॅक्समध्ये घालून आदल्या दिवशीच गेलो. स्टेजमागच्या कोठीच्या खोलीत, बुंदीच्या परातींशेजारी, सुभेदारांनी मिक्सर मांडला. मी म्हटलं, "काका, आज तरी बाहेर थांबा. मिक्सरवर कुणालाही बसवू."

"कुणालाबी? आजच्या दिवशी? आन् बटण चुकलं म्हंजे?"

सकाळचे विधी त्यांनी बाप म्हणून केले. डोक्याला फेटा, कपाळाला गंध. मुहूर्त जवळ आला तसे सगळ्यांची नजर चुकवून कोठीच्या खोलीत जाऊन बसले. पहिली मंगलाष्टका सुरू झाली. माझा कॅमेरा वनितावर स्थिर होता. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज होता, "दोन नंबर, झकास. तिथंच ऱ्हा." मग दार वाजल्याचा आवाज आला आणि मागोमाग मंगलचा.

"आबा, तुमी हितं काय करताय?"

"काम चाललंय गं. जा तू, बहिणीजवळ उभी ऱ्हा."

"माझ्या लग्नात तुमी नव्हता. हिच्या लग्नात असून न्हाई."

"आगं, ती दिसतीय की हितं. बघ की, किती लख्ख दिसतीय."

"टीव्हीत दिसतीय, आबा. ती बाहेर उभी हाय."

बाहेर भटजी म्हणत होते, आत्या गात होती, आणि माझ्या कानात नुसती खोलीची घरघर. मग हेडफोन टेबलावर ठेवल्याचा ठक्क आवाज झाला.

शेवटची मंगलाष्टका चालू असताना सुभेदार माझ्या कॅमेऱ्यात आले. आले ते थेट माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले. वनिता गेली, अंतरपाट गेला, सगळं गेलं. चित्रात उरली त्यांची रुंद पाठ, फेट्याचा शेमला आणि त्यांची बाही घट्ट धरलेली मंगलची मूठ. एरवी कॅमेऱ्याच्या आड कुणाचं बाळ आलं तरी हेच सुभेदार कानात गरजायचे. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, त्यांना सरकायला सांगा, लागलं की लग्न!" मी म्हटलं, "गप उभे राहा. कुणी सरकणार नाही." "सावधान" झालं, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली. ती पाठ एकदा गदगदली आणि पुन्हा ताठ झाली.

मिक्सरवर कुणीच नव्हतं, त्यामुळे बटण दोन नंबरवर होतं ते तिथेच राहिलं. त्यानंतर दिलीपने जीव तोडून घेतलेले सत्कार कॅसेटमध्ये आलेच नाहीत. नवऱ्याच्या मामांनी साताऱ्याला फोन करून चांगलीच खरडपट्टी काढली, की संचालकांचा फेटा कुठे आहे? सुभेदारांनी निवांत सांगितलं, "फेटा डोक्यावर हाय की त्यांच्या. पुढच्या लग्नात घिऊ."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो गाळा मोबाइलवाल्याने घेतला. लग्नं आता सात-सात कॅमेऱ्यांनी होतात, चित्र इतकं स्वच्छ की नवरीच्या पापण्या मोजाव्यात. सत्कार मात्र आहेत तेवढेच आहेत.

वनिताच्या लग्नाची ती कॅसेट पहिल्यांदा बघायला बसलो तेव्हा मला धडकी भरली होती. ज्या एका क्षणासाठी या माणसाने एवढा उपद्व्याप केला, तो क्षण पाठीआड गेला होता आणि मी ब्रसुद्धा काढला नव्हता. टीव्हीवर पाठ आली. सुभेदार पुढे झुकून बघत राहिले. अक्षता उडाल्या, वाजंत्री वाजली, पाठ गदगदली. मला राहवेना. मी म्हटलं, "काका, वनिता दिसलीच नाही की हो यात."

"तुमाला न्हाई दिसली," सुभेदार म्हणाले. "मला दिसली."