बिशपांचे घराणे

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी माझा पहिला लेख छापून आला आणि तो चुकीचा होता. शुद्धलेखन निर्दोष होते, परिच्छेदही योग्य ठिकाणी पाडलेले होते. चूक फक्त मजकुरात होती.

नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सोय असल्यामुळे ते जमले. निरोप समारंभातील माझे उत्तराचे भाषण मात्र भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी वाचून दाखवले. माझा घसा बसला आहे असे मी सांगितले होते. निवृत्तीनंतर काहीतरी लिहावे अशी इच्छा होती. कोणी सांगितल्याशिवाय लिहायला बसणे आगाऊपणाचे वाटे, म्हणून चार वर्षे तशीच गेली.

मग आमच्या गल्लीपलीकडच्या चर्चचे पाळक घरी आले. ते धर्माबादकडचे, वयाने माझ्याहून बरेच लहान, सकाळी फिरताना भेटत असत.

“सर, चर्चची स्मरणिका काढून राहिलो,” ते म्हणाले. “बिशपसाहेब सोता येणार हायत प्रकाशनाला. आजपर्यंतच्या सगळ्या बिशपांचा इतिहास पाहिजे. आमच्यात लिहिणारं कोणी न्हाई.”

“मी ख्रिस्ती नाही,” मी म्हणालो.

“त्यानं काय होतंय? तुमाला सवड हाय.”

कागदपत्रे म्हणजे चर्चच्या कपाटातील दृढीकरणाच्या नोंदवह्या. लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुले मोठी झाली की स्वतःच्या तोंडाने श्रद्धेची कबुली देतात आणि बिशप त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात, ते दृढीकरण. पाळकाला हे करता येत नाही. त्यासाठी संपूर्ण धर्मप्रांताच्या, म्हणजे अनेक जिल्ह्यांतील चर्चच्या, बिशपांनाच यावे लागते, आणि ते काही वर्षांतून एकदा येऊन वहीत सही करून जातात. हे चर्च मुळात अँग्लिकन, म्हणजे इंग्रजांच्या पंथाचे. पुढे अनेक पंथ एकत्र येऊन एकच संयुक्त चर्च झाले, पण वह्या त्याच राहिल्या.

तीन महिने मी त्या वह्या वाचल्या. सात बिशप सापडले. सातही जणांच्या सहीत पहिले नाव वेगळे आणि पुढचे नाव एकच होते. ते पुढचे नाव दूरच्या एका गावाचे होते, हे मला माहीत होते. त्यात मला काही खटकले नाही. आमच्या स्टाफरूममध्ये एक रेणापूरकर होते आणि एक अर्धापूरकर, आणि दोघांचाही त्या गावांशी संबंध एसटीच्या पाटीपुरता होता. इंग्रजांना ‘कर’ लावणे सुचले नसावे, एवढेच मी मनाशी म्हटले.

शिवाय प्रत्येक सहीच्या आधी एक छोटा क्रूस काढलेला होता. जुन्या कागदांवर पाटलाच्या सहीशेजारी नांगराची निशाणी असते, हे मी पाहिले होते. पाटीलकी जशी बापाकडून मुलाकडे जाते आणि निशाणी तिच्याबरोबर जाते, तसेच हे असणार. बिशपपद एकाच घराण्यात चालत आले आहे, या निष्कर्षाला मी शास्त्राच्या शिक्षकाला शोभेल अशा सावधपणे पोहोचलो.

मग वंशावळ काढली. दोन बिशपांमध्ये अंतर कमी असेल तिथे भाऊ धरला, जास्त असेल तिथे मुलगा. अडचण शेवटच्या तिघांची होती, कारण त्यांची पहिली नावे आपल्याकडची होती. इंग्रज घराण्यात आपल्याकडच्या नावाचा मुलगा येण्याचा एकच मार्ग मला ठाऊक होता. ‘यानंतर घराण्यात दत्तकविधान झाले असावे,’ असे मी लिहिले. ‘असावे’ हा शब्द मी विचार करून घातला होता.

पत्नीने लेख वाचला आणि वाचताना कुठे अडखळायला होत नाही, असे सांगितले. पाळकसाहेबांनी वाचलाच नाही. सरांचे लिखाण तपासणे त्यांना प्रशस्त वाटेना. लेख तसाच छापखान्यात गेला.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, स्मरणिकेचे गठ्ठे आले. मी माझे पान उघडून उभा होतो. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची यादी करत होते.

“साहेबांना आंबाडीची भाजी लागती,” ते म्हणाले. “देगलूरकडचे ना. माझ्या सासुरवाडीच्या नात्यात हायत, लांबून.”

“म्हणजे दत्तक जाण्याच्या आधीचे नाते?” मी विचारले.

“कोण दत्तक?”

मी पान पुढे केले. त्यांनी ते उभ्याने वाचले, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचले.

“सर, तुमी वंशावळ काढली हाय.”

“हो.”

“चौकटी करून.”

“हो.”

“आडनाव न्हाई हो ते, धर्मप्रांताचं नाव हाय! बिशप झालं की सही करताना आडनाव सोडायचं, जागेचं नाव लावायचं. जुनी रीत हाय. क्रूस बी तसाच, समदे बिशप काढतेत.” त्यांनी चौकटींवर बोट ठेवले. “कोणाचा कोणाशी काही संबंध न्हाई.”

मी पान फाडण्याची सूचना केली.

“मागच्या अंगाला महिला मंडळाचा फोटो हाय. पान फाडलं तर मला नांदेडात राहता येणार न्हाई.” मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या सर. फोटो पाहतेत लोक. लेख कोण वाचतंय?”

चूक कळल्यावर वाटले नव्हते इतके वाईट मला हे ऐकून वाटले. साठीनंतर माणूस लिहायला बसतो तो कोणीतरी वाचावे म्हणून. कोणी वाचणार नसेल तर चूक झाकली जाणार होती आणि तिच्याबरोबर लेखही. वाचणार असतील तर चूक सांगितलीच पाहिजे, आणि ती दुसऱ्याकडून वाचून घेता येण्यासारखी नव्हती. घसा बसल्याचे कारण एका आयुष्यात एकदाच देता येते.

घरी येऊन मी चार वाक्ये लिहिली. पत्नीला ती तीन वेळा ऐकवली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “अहो, भिंतीला काय सांगताय? माझ्याकडे बघा.”

रविवारी प्रकाशन झाले, प्रती वाटल्या गेल्या. पाळकसाहेबांनी माझे नाव पुकारले. मी समोर गेलो. तिथे फळा नव्हता. मी चार वाक्ये वाचली: लेखातील घराणे अस्तित्वात नाही, सहीतील नाव जागेचे आहे, कोणीही कोणाला दत्तक घेतलेले नाही, चूक सर्वस्वी माझी आहे.

पुढच्या बाकावर एक निवृत्त परिचारिका बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे त्या मोठ्याने बोलतात.

“म्हणजे सगळं खोटं हाय का, सर?”

“सातही नावे खरी आहेत,” मी म्हणालो. “नाती खोटी आहेत.”

“मग छापलं कशाला?”

चर्च हसले. पाळकसाहेबही हसले, पण बिशपांकडे एकदा पाहून घेऊन. मी जागेवर जाऊन बसलो. शेजारच्या गृहस्थांनी लगेच स्मरणिका उघडून माझा लेख वाचायला घेतला. त्यांच्या मागच्या ओळीतही पाने उलटल्याचा आवाज झाला. मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

चहाच्या वेळी बिशप स्वतः माझ्याकडे आले. उंच, सावळे, हळू बोलणारे गृहस्थ.

“मला कोणी दत्तक घेतलं म्हणे?”

मी क्षमा मागू लागलो. त्यांनी हाताने थांबवले.

“आमची आई हेच म्हणायची. मी बिशप झाल्यावर घरी पहिलं पत्र पाठवलं, खाली ही अशी सही. तिला वाचता येत नव्हतं, भावानं वाचून दाखवलं. तिनं इचारलं, बापाचं नाव कुठं गेलं? भाऊ म्हणाला, आता ते गावाचं नाव लावतेत. दोन वर्षं बोलली न्हाई माझ्याशी. शेजारणीला सांगायची, थोरल्याला दत्तक देऊन बसले.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “तुमी तरी ‘असावे’ लिहिलंय. तिला खात्री होती.”

लेख दुरुस्त करून पुन्हा लिहिणार आहे, एवढे मी म्हणालो, आणि सातही जणांची खरी आडनावे मिळवावी लागतील.

“लिव्हा. माझ्यापासून सुरुवात करा.”

मी स्मरणिकेच्याच मागच्या कोऱ्या पानावर लिहू लागलो. त्यांनी आडनाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, मग आजोबांचे. मी लिहिलेले प्रत्येक अक्षर ते वाकून पाहत होते. पणजोबांपाशी ते अडले.

“आईला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “इचारायचं राहिलं.”

ती जागा मी कोरी ठेवली.