लाँड्रीतली साक्ष

इस्पितळाच्या लाँड्रीत तिला सगळे पाळकबाई म्हणत. ती काही चर्चमध्ये उपदेश करणारी पाळक नव्हती. गरम रुळांच्या यंत्रात ओल्या चादरी सोडायच्या, एवढंच तिचं तीस वर्षांचं काम. पण जेवणाआधी डोळे मिटते म्हणून नाव पडलं ते पडलंच. “पाळकबाई, या डागासाठी पण प्रार्थना करा, साबणाला दाद देईना!” असं रोज कुणीतरी म्हणायचं, आणि ती रोज हसायची. हसण्याचासुद्धा आता शीण यायचा.

चर्चमध्ये वेगळंच. तिथे विचारत, यंदा प्रभूकडे कुणाला आणलंत? जावेचं बोट लगेच वर. हिच्यामागून तीस वर्षांत चर्चपर्यंत आलं ते एक मांजर, तेही पिशवीतल्या डब्याच्या वासाने.

त्या महिन्यात रुळांपुढची, बोटं वाचवणारी जाळी मोडली. रोज वहीत यंत्राची नोंद हीच करायची. मुकादम म्हणाला, “‘ठीक’ लिहा हो, मेकॅनिक येतोच आहे.” तिने लिहिलं. मेकॅनिक आला नाही. शेवटी चादरींच्या घड्या घालणारी घडीवाली एकदा चादर सोडायला हात लावत होती, तिची तीन बोटं चादरीबरोबर आत गेली.

चौकशी लागली. मुकादमाने आधीच सांगून टाकलं, घडीवालीच निष्काळजी, जाळी होती. साक्षीला पाळकबाई. घडीवालीची चूक ठरली, तर तिला घरी बसवणार होते, आणि घरी तिच्या जिवावर दोन लेकरं.

“खोटं बोलू नकोस,” नवरा म्हणाला. “नुसतं आठवत नाही म्हण. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुझे. हत्ती गेला, शेपूट राहिलंय, आता कशाला अडवतेस?”

लाँड्रीत तर गंमतच. “तुमच्यात रविवारी माफी मिळते ना? मग सोयच आहे की! आज खोटं बोला, रविवारी फेडा!”

त्या रात्री ती गुडघ्यांवर बसलीसुद्धा नाही. पडल्या पडल्या म्हणाली, “देवा, या खेपेला दुसऱ्या कुणाला तरी पाठव. मी दमले.” आणि झोपून गेली.

चौकशीच्या खोलीत साहेबांनी वही पुढे सरकवली. “ही सही तुमचीच ना? मग जाळी होती.”

मुकादम खिडकीबाहेर बघत होता. तिने स्वतःचं अक्षर पाहिलं. तीस ओळी, तीस वेळा ‘ठीक’.

“नव्हती, साहेब. महिनाभर नव्हती. माहीत असून ‘ठीक’ मी लिहिलं.”

“काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय. लवकर लिहून घ्या, नाहीतर धीर सुटेल माझा.”

घडीवालीची नोकरी राहिली. मुकादमाची बदली झाली. पाळकबाईला लेखी ताकीद मिळाली आणि तळघरात वॉर्डातले घाण कपडे निवडायचं काम. “हरिश्चंद्राच्या आत्याबाई!” जिन्यावरून कुणीतरी ओरडलं. तिला उत्तर सुचलं होतं, पण कोण बोलणार.

तिसऱ्या दिवशी घडीवाली खाली आली. हाताला पट्ट्यांचं हे एवढं पांढरं गाठोडं.

“महिनाभर माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“आणि रोज मला म्हणत होतात, सांभाळून गं बाई?”

“हो.”

“मग जाळी नव्हती, एवढंच सांगायचं होतं! तुम्हाला माहीत होतं का, हे कोण विचारत होतं?”

चर्चमध्ये शिकवलेली वचनं तिला तोंडपाठ होती. त्यातलं एकही ओठांवर येईना. “मी येशूची म्हणवते गं. आधी गप्प राहिले, तेव्हाच त्याच्या नावाला बट्टा लावला. आणखी किती लावू?”

“मग तो करेल तुम्हाला माफ?”

“तो करेल. तू करशील का, ते विचारायला दोनदा तुझ्या दारापर्यंत आले होते. कडी वाजवायचं धाडस झालं नाही.”

घडीवालीने पट्ट्यांचा हात छातीशी धरला. “आज नाही,” ती म्हणाली. “आज नाही जमायचं मला.”

“बरं.”

“पण त्याची माफी मिळतेय, तर माझी कशाला हवी तुम्हाला? असा कसा हो देव तुमचा?”

तीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पाळकबाईने हातातली चादर खाली ठेवली आणि एक उपडी बादली पायाने पुढे सरकवली.

“बस,” ती म्हणाली. “उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते.”