बाच्या डोक्यात काय उरलं

"पाटील आले," डॉक्टर म्हणाले.

दारातून एक माणूस आत आला. डोक्याला पांढरा फेटा, अंगात धुतलेला सदरा. पाटीलबिटील कोणी नव्हता. आमच्या वॉर्डात दोन वेळा जेवणाची ताटं वाटणारा शिपाई होता तो. फेटाही इस्पितळाच्या चादरीचा होता.

माझा बा स्टुलावर बसला होता. समोर बाकांवर नागपूरहून आलेली, डॉक्टरकी शिकणारी पोरं, मागे दोन-चार मोठे डॉक्टर. बाने शिपायाला पाहिलं. उठला. लुळा उजवा पाय ओढत मागे सरला, भिंतीला टेकेपर्यंत सरला. कमरेत वाकला. डावा हात फरशीला लावून कपाळाला नेला. आणि ज्याला पाणी मागता येत नव्हतं, तो माणूस खणखणीत आवाजात बोलला.

"जोहार, मायबाप."

पोरं हसली.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले. "भाषा गेली. बायकोचं नाव येत नाही, मुलीचं येत नाही. पण हे शाबूत आहे. सर्वांत खोल जे असतं, ते मार लागला तरी जात नाही. यांच्या रक्तातच असतं ते."

"सर, आणखी एकदा," मागून कोणीतरी म्हणालं.

शिपाई बाहेर गेला. पुन्हा आत आला. बा पुन्हा उठला. मी भिंतीशी त्याची काठी धरून उभी होते. मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि त्या हॉलमध्ये माझं काही चालत नव्हतं.

त्या इस्पितळाचं नाव मी लिहीत नाही. वर्ध्यातली ती इमारत आता उभी नाही. पण बा कोण होता ते सांगते. त्या पोरांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

बा अल्लीपूरकडच्या एका खेड्यातला महार. आज्याने जन्मभर गावकीची कामं केली. बाला बोलता येऊ लागलं तेव्हा आज्याने त्याला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. पाटील दिसला की मागे सरायचं, वाकायचं, जोहार घालायचा. बा विसरला की आजा पाठीत काठी घालायचा. पोरगं चुकलं तर पाटलाची माणसं दोघांनाही झोडपतील, ही भीती. त्या काठीचे वळ बाच्या पाठीवर शेवटपर्यंत होते. आंघोळीला पाणी घालताना मी ते पाहिलेत.

तरुणपणी बा सभांना जाऊ लागला. भाषणं ऐकू लागला. एक दिवस पाटलाच्या समोर ताठ उभा राहिला.

"जोहार विसरला का बे?" पाटलाने विचारलं.

"काऊन म्हनू?" बा म्हणाला.

एवढंच. त्यापायी गावाने आमचं मीठ-तेल बंद केलं. विहिरीकडची वाट बंद केली. बा मायला आणि मला घेऊन पुलगावला आला आणि कापसाच्या एका जिनात हमाल झाला. जोहार वेशीत पुरून आलो, असं तो म्हणायचा आणि मोठ्याने हसायचा.

'काऊन', म्हणजे 'का', हा शब्द मात्र त्याच्या जिभेवरच बसला. मुकादमाला काऊन, दुकानदाराला काऊन. चौथीनंतर मी शाळा सोडते म्हटलं तर मला काऊन. माय वैतागायची. "तुमच्या तोंडात काऊनशिवाय काही हाय का नाई?" बा म्हणायचा, "काऊन?" मग तीही हसायची.

धर्मांतराच्या सालचा उन्हाळा. रुईच्या गाठींची थप्पी लावणं चाललं होतं. वरची गाठ सुटली आणि बाच्या डोक्यावर आली. बा वाचला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं.

त्या इस्पितळात तेव्हा मुंबईहून डॉक्टर आले होते. डोक्याला मार लागून वाचलेल्या माणसांचं पुढे काय होतं, त्यांच्यात काय उरतं, त्यांना पुन्हा कामाला लावता येतं का, याचा ते अभ्यास करत होते. बाला त्यांच्याकडे ठेवून घेतलं. पहिल्याच सकाळी मोठे डॉक्टर पांढरा कोट घालून खाटेजवळ आले. कितीतरी दिवस मुका पडलेला बा धडपडत उठू लागला. "जोहार, मायबाप."

मायला हर्ष झाला. "बोलला! पोरी, तुहा बा बोलला!" शब्द कोणता होता तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती रडत, हसत डॉक्टरांच्या पायाशी वाकली. डॉक्टरांनी पाय मागे घेतले. उजव्या हाताची दोन बोटं हलली.

"दूर. जरा दूर."

हे मला मग रोज दिसायचं. शेजारच्या खाटेवर एका दुकानदाराचा मुलगा होता, सायकलवरून पडलेला. त्याच्या आईच्या पाठीवर डॉक्टर हात ठेवत, धीर देत. आमच्या खाटेशी आले की ती दोन बोटं हलत. दूर, जरा दूर. आवाजात राग नसायचा. आपण असं करतो हे त्यांना ठाऊकच नसावं. उंबऱ्याला ठेच लागू नये म्हणून आपण सवयीने पाय उचलतो, तसं होतं ते.

खोटं कशाला बोलू? इलाज चांगला होता. बाच्या लुळ्या हातात ते कापसाचं बोंड देत आणि सरकी काढायला लावत. जिनातल्या माणसाला ओळखीचं काम द्यावं, ही युक्ती त्यांचीच. पांढरा कोट दिसला की बा उठतो, म्हणून त्याच्यासमोर सगळे करड्या कोटात येत. चुकला तरी चिडत नसत. पाण्याचा गडू समोर धरून "पा, पा" म्हणत बसत. पावसाळा संपता संपता बाची बोटं सरकीवर मिटू लागली. आणि एक दिवस गडूकडे पाहून बा म्हणाला, "पा." मी वऱ्हांड्यात जाऊन रडले. खाट फुकट, जेवण फुकट, इलाज फुकट.

बदल्यात तो हॉल. दर आठवड्याला. पाटील आले, पाटील गेले.

"माय, मले हे पाहवत नाई," मी म्हटलं.

"मले पाहवते का?" माय म्हणाली. "पन म्हनू दे त्याले जोहार. हात तं येऊन राह्यला ना? उद्या बोलन बी."

तिचं चूक नव्हतं. तिला नवरा परत हवा होता. मलाही बा हवाच होता.

दसऱ्याच्या आधी इस्पितळाने काही दिवसांची रजा दिली. आम्ही बाला गावी आत्याकडे नेलं. गल्लीत पाटील भेटला, आता म्हातारा झालेला. धोतर पांढरंशुभ्र. बा थांबला, मागे सरला, वाकला.

पाटील क्षणभर गांगरला. मग त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की ते मी विसरू शकत नाही.

"डोस्कं फुटलं तवा अक्कल आली म्हनायची," तो म्हणाला आणि पुढे गेला.

बाच्या डोळ्यांत तेव्हा पाणी होतं. डॉक्टर म्हणायचे, याला काही कळत नाही, तोंड आपोआप चालतं. मग ते पाणी कशाचं होतं? आत माझा पहिला बा शुद्धीवर होता आणि आपलंच तोंड काय बोलतंय ते ऐकत होता, अशी शंका मला तेव्हा आली. ती अजून गेलेली नाही.

दोन दिवसांनी मी आणि माय नागपूरला गेलो. बाला त्या गर्दीत नेणं शक्य नव्हतं. लाखो माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. आम्ही दीक्षा घेतली. मी प्रतिज्ञा म्हणत होते आणि मनात एकच घोळत होतं, हे सगळं बाला जाऊन सांगायचं. ज्याने आम्हाला इथवर आणलं तो एकटाच मागे राहिला होता.

गावी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मी पळतच आत्याच्या घरी गेले. अंगावर नवं पांढरं लुगडं. बा ओट्यावर बसला होता. मला वाटलं, मला पाहून हसेल.

बा उठला. मागे सरला.

"बा, मी हावो," मी म्हटलं.

तो वाकला. हात मातीला लावला, कपाळाला नेला.

"जोहार, मायबाप."

पोटच्या पोरीला.

मी त्याचे खांदे धरले, उठवायला गेले. तो आणखी खाली गेला, जसा काही मार चुकवतो आहे. माय मागून आली आणि दारातच थबकली. तिच्याही अंगावर पांढरंच होतं. बाने तिलाही जोहार घातला. माय मटकन खाली बसली. मग मी घरात गेले, आत्याचं फाटकं हिरवं जुनेर नेसले आणि बाहेर आले. बाने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. माझ्या गालाला डावा हात लावला.

दिवाळीनंतर आम्ही इस्पितळात परत गेलो. त्या आठवड्यात हॉल भरला होता. बाहेरगावचे डॉक्टर आले होते, खुर्च्या वाढवल्या होत्या. बाला नवा सदरा घातला होता. माय भिंतीशी, मी तिच्या शेजारी.

"पाटील आले," डॉक्टर म्हणाले.

शिपाई आत आला. बा उठायला लागला. मी पुढे गेले आणि त्या दोघांच्या मध्ये उभी राहिले. बाला फेटा दिसू नये म्हणून पदर पसरला. बा पुन्हा स्टुलावर बसला.

"बाजूला हो," डॉक्टर म्हणाले.

"काऊन?"

अशा माणसाला हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा बोलले. बाचा शब्द.

"अगं, यात त्यांचाच फायदा आहे. समजावा हो हिला कोणीतरी."

"साहेब, तुमी म्हनता हे आमच्या रक्तात हाय. रक्तात नाई. आज्यानं काठीनं घातलं त्याच्यात. सदरा काढून त्याची पाठ पाहा. आन् साऱ्यात खाली जे ऱ्हायते तेच खरं म्हनता, तं मले एक सांगा. उद्या तुमच्या डोस्क्यावर रुईची गाठ पडली, तुमचं बोलनं गेलं, तं तुमच्यात काय उरन?"

एवढं बोलून मी एक पाऊल त्यांच्याकडे टाकलं. फक्त एक. त्यांची दोन बोटं वर आली.

"दूर. जरा दूर."

"हेच उरन," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. डॉक्टर आपल्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो हात कोटाच्या खिशात घातला. मी बाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. शिपायाने डोक्यावरचा फेटा काढला आणि आमच्यासाठी दार धरलं.

त्याच संध्याकाळी निरोप आला. खाट रिकामी करा. दुसऱ्या कोणा रुग्णाला हवी आहे. फाटकावरच्या चौकीदाराचा गणवेश पांढरा होता. बाने त्यालाही जोहार घातला.

माय स्टेशनपर्यंत बाचा लुळा हात धरून चालली. गाडी आली तेव्हा म्हणाली, "आता त्याचा हात?"

घरी मी रोज बाच्या हातात बोंड दिलं, समोर गडू धरला. हाताने भाकर मोडण्याइतका जीव धरला. 'पा' मात्र गेला तो गेलाच. मी त्या हॉलमध्ये गप्प राहिले असते तर बा बोलला असता का? कोणी सांगावं? ज्या दिवशी हे आठवतं त्या दिवशी मला अन्न गोड लागत नाही. पण पुन्हा त्या हॉलमध्ये उभं केलं, तर मी पुन्हा तेच करीन.

बा पुढे बरीच वर्षं जगला. आमच्या घरात कोणी पांढरं नेसलं नाही. बुद्धवंदनेहून येताना मी शेजारणीकडे लुगडं बदलायची आणि मगच आमच्या दारात शिरायची. तरी देवी टोचायला पांढऱ्या कोटातला माणूस यायचा, पांढऱ्या टोपीतला वसुलीवाला यायचा. संध्याकाळी भिंतीवर कंदिलाचा उजेड पडला तरी बा उठून बसायचा. मी भाकरी थापत असायची आणि पाठीमागून आवाज यायचा. जोहार, मायबाप. अजूनही येतो कधीकधी. घरात कोणी नसतं.

तो वारला तेव्हा आमचीच माणसं जमली, सगळी पांढऱ्या कपड्यांत. बाचे डोळे मिटलेले होते. तरी मी त्या डोळ्यांवर हात ठेवून बसले, त्याला उचलेपर्यंत.

मी पुन्हा शिकले, मास्तरीण झाले. मला मुलं झाली. त्यांना पहिले बोल फुटायच्या वेळी मला त्या डॉक्टरांची आठवण यायची. एका बाबतीत तो माणूस खरं बोलला होता. जे आधी आत घातलेलं असतं, ते सर्वांत शेवटी जातं. मग आधी काय घालायचं, ते मी ठरवणार. पाटील नाही, डॉक्टर नाही, आज्याची भीतीही नाही.

माझ्या पोरांना मी 'आई' म्हणायच्या आधी बाचा तो शब्द शिकवला. वर्गातल्या पोरांना ग म भ न च्या आधी शिकवते. साहेब तपासणीला येतात, तक्रार करतात, बदली करतात. करू देत.

उद्या या पोरांच्या डोक्यावर गाठ पडो नाहीतर काठी पडो. सगळं बोलणं सांडून जावो, माझं नावसुद्धा जावो. मग कोणी फेटा बांधून त्यांच्यासमोर येऊन उभं राहावं आणि तळाशी काय उरलंय ते तपासून पाहावं.

काऊन?

एवढंच सापडेल.