मेस्त्रीचा कान

“बंद कर रं ते इंजान, आधी बंद कर!”

मेस्त्रीची ही आरोळी तवंदी घाटात आदळून परत निपाणीत आली. माणसांवर, म्हणजे हाताखालच्या माझ्यावरही, तो असाच ओरडतो. गाड्यांशी मात्र बाळंतिणीशी बोलावं तसं हळू बोलतो.

कोल्हापूरहून दोन मित्र दोन सुपरकार घेऊन आलते आणि त्याच्या गॅरेजशेजारी चहाला थांबलते. एक चाळीस वर्षांची लाल इटालियन, दुसरी यंदाची पांढरी जपानी. घाट आधी कोण चढतंय, अशी पैज होती. लालीचा आवाज एवढा, की पार चिकोडीच्या म्हशींनी दूध चोरलं म्हणतात.

तो ऐकून मेस्त्री न बोलावताच गेला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लालीच्या इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि मग ओरडला.

“पाण्याच्या पंपाचा बेअरिंग रडायलाय. घाटात इंजान जळंल.”

लालीचा मालक हसला. “मग त्या पांढरीला पण कान लावा की.”

“तिचं दुखणं ती पडद्यावर लिवून दावत्या. हिला कोन इचारनार?”

असं म्हणून त्यानं लालीची किल्ली काढून खिशात घातली. मालकानं पोलिसांची भीती घातली, तरी दिली नाही. पंप उघडला, तर बेअरिंगच्या गोळ्या हातात आल्या. दुरुस्तीला आलेल्या तंबाखूच्या टेंपोतला त्याच मापाचा बेअरिंग मेस्त्रीनं बसवला, तेव्हा कुठं किल्ली परत गेली.

दोन्ही गाड्या दिसेनाशा झाल्यावर मी विचारलं, “मेस्त्री, दोघींत भारी कंची?”

तो हात पुसत म्हणाला, “पांढरी. तिला माझी गरज न्हाय.”